ट्यूनर कार्ड घेण्याआधी छतावर चढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या संगणकांचं काय करावं यावर लेख आला होता. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते जुन्या यंत्रांत नसतं, म्हणून भंगारात देण्याऐवजी विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून वापरा, असं त्यात होतं. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण पुढे एका ओळीत लेखकांनी उरकून टाकलं की बाजारातलं कोणतंही टीव्ही ट्यूनर कार्ड आणून बसवलं की त्याच संगणकावर टीव्हीसुद्धा दिसेल. आमच्याकडे पेपरात छापून आलेल्या गोष्टीला वजन असतं. या एका ओळीपायी आमच्या भागातले लोक पैसे घालून बसतील, म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. पिक्चर ट्यूबवाले टीव्ही आता दुकानात येत नाहीत. छत्र्या बसवणं, सेट-टॉप बॉक्स, शाळा आणि वाचनालयांतले संगणक, यांवर चूल पेटते. लिनक्स मी वापरायला लागलो ते गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हबरोबर येणाऱ्या व्हायरसला कंटाळून. त्यामागची मोठी तत्त्वं मला सांगता येणार नाहीत. कोणतं कार्ड चालतं आणि कोणतं नाही, तेवढं सांगता येईल.

तो लेख येण्याच्या आधीपासूनच माणसं माझ्याकडे कार्डं घेऊन येतात. शेजारच्या गावच्या वाचनालयाचे सचिव शहरातून एक चकचकीत खोका घेऊन आले. वर रिमोटचं चित्र, फुटबॉलचं चित्र, आत हिरवी पाटी आणि एक सीडी. "भाऊ, पैसे त मोजले, आता चित्र कावून नाही येत?" कार्डात काही खोट नव्हती. ते अ‍ॅनालॉग कार्ड होतं, म्हणजे जुन्या पद्धतीचा सिग्नल पकडणारं, आणि त्याला पकडायला आमच्या हवेत काही उरलेलंच नाही. मी तसं सांगितलं तर सोबत आलेले म्हातारबुवा म्हणाले, "त्यानं डब्बा इकला बापा, हवा थोडी इकली!" दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ट्यूनर कार्ड म्हणजे नुसता कान आहे. बाहेर जे बोललं जात असेल तेच त्याला ऐकू येणार. तेव्हा पहिला प्रश्न लिनक्सचा नाही, विंडोजचाही नाही. आपल्या छतावर कोणता सिग्नल पोचतो, हा आहे.

काड्यांच्या अँटेनावर दिसणारं दूरदर्शन गेलं. प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने गुंडाळत आणलं आणि सामरिक महत्त्वाची पन्नासेक ठिकाणं सोडून बाकीचं ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं जाहीर केलं. आमच्याकडच्या घरांवर त्या अँटेना अजून उभ्या आहेत, त्यांच्यावर कावळे बसतात. हवेतून येणारं डिजिटल दूरदर्शन, ज्याला डीव्हीबी-टी२ म्हणतात, ते २०१६ मध्ये सोळा शहरांसाठी सुरू झालं. आपल्या राज्यातली त्यात मुंबई आणि औरंगाबाद. आमच्या आर्णी-दिग्रसच्या माणसाला त्याचा काय फायदा? तरी ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, बोटभर लांबीच्या, सोबत छोटी चुंबकाची अँटेना असलेल्या यूएसबी काड्या लोक मागवतातच. त्यातल्या बहुतेक तर टी२ सुद्धा नाहीत, नुसत्या जुन्या डीव्हीबी-टीच्या. एखाद्या पोराला रेडिओचे प्रयोग करायचे असतील तर जरूर घ्यावी. तिच्यातल्या आरटीएल२८३२यू चिपवरून संगणकाचा रेडिओ करता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं आणि जगभर ते चालू आहे. लिनक्सवर ते उत्तम चालतं. पण टीव्हीसाठी ती आमच्याकडे कामाची नाही.

राहिली केबल. केबल डिजिटल करण्याचा शेवटचा टप्पा, म्हणजे ग्रामीण भागाचा, ३१ मार्च २०१७ ला संपला. तेव्हापासून वायर सरळ कार्डात खोचली तर मुंग्याच दिसतात, कारण वाहिन्या कुलूपबंद होऊन येतात आणि किल्ली केबलवाल्याच्या बॉक्सात असते. खासगी डीटीएचचंही तेच. "आमच्या डीटीएचचं कार्ड या कार्डात घालता येईल का," असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. नाही येत. ते कंपनीच्या बॉक्सातच बोलतं. फार तर बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर ट्यूनर कार्डाच्या मागच्या भोकांत लावून चित्र संगणकावर घेता येतं, पण वाहिनी बदलायची तर बॉक्सचाच रिमोट घेऊन बसा. त्यासाठी संगणक पेटवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आमच्या छतावर खुला, फुकट आणि पक्का पोचणारा सिग्नल एकच आहे, डीडी फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने तेहेतीस वाहिन्यांनिशी सुरू झालं तेच हे. आता ते जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं. सह्याद्री आहे, डीडी किसान आहे, बातम्या आहेत. वाचनालयांना आणि शाळांना ज्यात खरा रस असायला हवा त्या स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत. म्हणून ग्रामीण विदर्भातल्या माणसाला कार्ड घ्यायचं तर ते उपग्रहाचं, आणि त्यातही डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीचं. काही वाहिन्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीने येतात, काही एस२ ने. एस२ कार्डाला जुनं एसही कळतं, जुन्या एस कार्डाला एस२ कळत नाही. चार पैसे वाचवायला जुनं घेऊ नका.

कार्ड नंतर, आधी छत्री. जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १४२ अंशांवर, आणि जमिनीपासून साठ अंश उंच दिसतो. म्हणजे बराच डोक्यावर. त्यामुळे समोरच्या लिंबाची भीती बाळगायचं कारण नसतं, झाड अगदी अंगावर असेल तरच आड येतं. मात्र आपण लावतो त्या छत्रीचा एलएनबी (सिग्नल झेलणारी डबी) मध्यावर नसतो, खालून तिरपा असतो. त्यामुळे पत्रा साठ अंश वर तोंड करून ठेवायचा नाही. डोळ्यांना तो पस्तीस-अडतीस अंशच कललेला दिसतो. नवशिके इथेच फसतात आणि छत्री आभाळाकडे तोंड वासून ठेवतात.

खांब कधीही अंगणात रोवू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते, वर्षभरात खांब कलतो आणि सिग्नल जातो. मग दोष कार्डाला. भिंतीला किंवा स्लॅबला बोल्ट मारा. आणि वानरं. टोळी आली की छत्रीचा पत्रा त्यांना बसायला बरा वाटतो. आमच्याकडे निम्म्या तक्रारी 'पाऊस नाही, वादळ नाही, तरी चित्र गेलं' अशा येतात आणि वर जाऊन पाहिलं की नटाची पकड जागेवर पण छत्री दोन बोटं फिरलेली. स्प्रिंग वॉशर टाकून आवळा. धो-धो पावसात मात्र काही करता येत नाही. या छत्रीवर येणारा कू-बँडचा सिग्नल जोराच्या पावसात मार खातो, तेवढा वेळ थांबायचं.

वायरीबद्दल एक सांगतोच, कारण हे पेपरात कधी छापून येत नाही. फ्री डिशच्या वाहिन्या ११ गिगाहर्ट्झच्या आसपास येतात. एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करतो. उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्झचा प्रवाह वायरीतून १३४० मेगाहर्ट्झचा होऊन खाली येतो. घरात पडलेली जुनी केबल टीव्हीची बारीक वायर आणि ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतचा स्प्लिटर या कामाला चालत नाहीत. आरजी-६ वायर घ्या. कनेक्टर पिळताना जाळीचा एखादा केसही मधल्या तांब्याच्या तारेला लागता कामा नये, कारण त्याच वायरीतून कार्ड एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतं. संगणक बंद असल्याशिवाय ती वायर काढू-लावू नका. मृगाच्या गडगडाटात तर वायर काढूनच ठेवा.

आता कार्डाचं. लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कंपनीच्या नावाशी जुळत नाही, पाटीवरच्या चिपशी जुळतो. खोक्यावरचं नाव तेच राहतं आणि आतली चिप वर्षागणिक बदलते. एकाच नावाची दोन कार्डं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत, पत्र्याची डबी वेगळी, चिप वेगळी, एक लागलं आणि एक नाही. म्हणून दुकानात खोका उघडून पाटी बघायला मागा. पत्र्याच्या डबीत ट्यूनर असतो. त्याच्या बाजूला चौकोनी, चारी बाजूंनी पाय असलेली मोठी चिप असते. पुष्कळदा तिच्यावर कंपनीचं स्टिकर चिकटवलेलं असतं. कोपऱ्यातून नखाने उचला, मोबाइलचा दिवा तिरपा धरा, अक्षरं उठून दिसतात. जुन्या अ‍ॅनालॉग कार्डांवर बीटी८७८ असेल तर ड्रायव्हर बीटीटीव्ही, एसएए७१३० किंवा ७१३४ असेल तर एसएए७१३४, सीएक्स२३८८१ असेल तर सीएक्स८८. हे तिन्ही ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आहेत. गंमत अशी की याच कार्डांसोबतच्या सीडीत विंडोज एक्सपीचे ड्रायव्हर असतात, ते विंडोज १० वर चढत नाहीत. लेखकांनी लिनक्स सुचवलं ते या बाबतीत त्यांना वाटलं त्याहून जास्त बरोबर आहे.

नव्या उपग्रह कार्डांत एकच गोष्ट विचारायची, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे की कंपनी वेगळा देते? लिनक्सटीव्ही नावाच्या प्रकल्पाकडे चालणाऱ्या कार्डांची यादी आहे, तिथे चिप आणि आवृत्तीसकट पाहा. काही चांगल्या कंपन्याही आपले ड्रायव्हर कर्नलबाहेर ठेवतात. ते बसतात, पण दर वेळी कर्नलचं अपडेट आलं की पुन्हा बांधावे लागतात. शहरातल्या हौशी माणसाला ते जमेल. शाळेत अपडेट झालं, सोमवारी टीव्ही नाही आणि गुरुजींचा फोन मला. म्हणून मी गिऱ्हाइकाला कर्नलमधल्या ड्रायव्हरचंच कार्ड सांगतो, भले त्यात दोनऐवजी एकच ट्यूनर असो.

आणि खाच बघा. जुन्या संगणकात पांढरी लांब पीसीआय खाच असते, नव्यात फक्त पीसीआय एक्सप्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही, जोर लावला तर खाच फुटते. संशय असेल तर यूएसबीवाला डबा घ्या, पण त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर हवा. यूएसबीच्या जिवावर एलएनबी चालवणं बरं नाही. संगणकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) म्हातारा असेल तर आतलं कार्डही १८ व्होल्ट देताना दमतं आणि त्या व्होल्टवर येणाऱ्या आडव्या ध्रुवीकरणाच्या (आडव्या लहरींच्या) वाहिन्या गायब होतात, १३ व्होल्टवरच्या उभ्याच्या दिसतात. फ्री डिशच्या माझ्याकडच्या वाहिन्या उभ्याच्याच, त्यामुळे हा दोष लपून राहतो आणि दुसरा उपग्रह लावायला गेलं की वर येतो.

एक प्रकार या सगळ्यात मोडत नाही. मॉनिटर आणि सीपीयू यांच्या मधे बसणारा बाहेरचा टीव्ही बॉक्स. त्याला ड्रायव्हर लागत नाही, कारण संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. सीपीयू बंद असतानाही तो चालतो. त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आणि आत ट्यूनर जुनाच, अ‍ॅनालॉग. 'लिनक्सवर चालतो' असं दुकानदार सांगतो ते खोटं नसतं, पण त्यात लिनक्सचं काही नाही.

कार्ड बसवून संगणक चालू केला की आधी कर्नल काय म्हणतो ते वाचा. टर्मिनल उघडून dmesg असं टाइप केलं की रामायण समोर येतं, त्यात आपल्या कार्डाचे चार शब्द शोधायचे. बहुतेक वेळा अडचण तिथेच लिहिलेली असते आणि माणसं ती न वाचता कार्ड बदलायला निघतात. उपग्रह कार्डाच्या बाबतीत नेहमीची ओळ म्हणजे फर्मवेअरची फाइल सापडत नाही. पुष्कळ कार्डांना चालू होताना पोटात एक फाइल भरावी लागते, ती कर्नलमध्ये नसते, वेगळ्या फर्मवेअर पॅकेजात असते. ओळीत फाइलचं नावही असतं. ती जागेवर टाकली, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा लावला की काम झालं. नुसता रीस्टार्ट नको, कार्डाची वीज जायला हवी.

जुन्या एसएए७१३४ कार्डांची तऱ्हा निराळी. चांगल्या कार्डावर एक चिमुकली मेमरी चिप असते, तीत कार्डाची ओळख लिहिलेली असते. स्वस्तातल्या कार्डांत कंपनी तीच गाळते. मग ड्रायव्हर सरळ सांगतो की या पाटीवर ओळख नाही, मी हिला ओळखू शकत नाही, आणि खाली त्याला ठाऊक असलेल्या कार्डांची लांबलचक यादी क्रमांकासकट छापतो. तो क्रमांक आपण ड्रायव्हरला द्यायचा. जवळचा क्रमांक दिला तर चित्र येतं, आवाज येत नाही. मग दुसरा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा बरोबर क्रमांक फाइलीत लिहून ठेवला की पुढे बघावं लागत नाही. आवाजासाठी आणखी एक जागा तपासायची. पुष्कळ जुन्या कार्डांचा आवाज पीसीआयमधून येत नाही, मागून छोट्या वायरीने साउंड कार्डाच्या निळ्या भोकात न्यावा लागतो, आणि ते भोक मिक्सरमध्ये बहुधा गप्प केलेलं असतं.

उपग्रह कार्डावर वाहिन्या शोधण्यासाठी डीव्हीबीव्ही५-स्कॅन (dvbv5-scan) हा प्रोग्राम आहे. त्याला एका छोट्या फाइलीत प्रवाहाची माहिती द्यायची असते. टीव्हीच्या बॉक्सात आपण फ्रिक्वेन्सी ११०९० आणि सिम्बॉल रेट २९५०० असं भरतो. इथे फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये लागते, म्हणजे पुढे तीन शून्यं, आणि सिम्बॉल रेटलाही तीन शून्यं. एलएनबीचा प्रकारही सांगावा लागतो, नाहीतर ९७५० वजा करायचे हे त्याला कळणार कसं? ही तीन शून्यं न दिल्यामुळे परत आलेली कार्डं मी पाहिली आहेत.

आणि छत्री जुळवताना लिनक्सचा एक गुण मला फार आवडतो. फेमॉन नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो सिग्नलची पातळी सतत दाखवतो आणि सांगितलं तर आवाजही काढतो. स्पीकर खिडकीत ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि वर जायचं. छत्री हळूहळू आग्नेयेकडे सरकवत राहायचं, खालून टूं-टूं चढत जातं, मग उतरायला लागतं, तिथून एक केस मागे. एलएनबी आपल्या जागी थोडा फिरवून पाहायचा, आणखी चढतं. 'आलं का? गेलं का?' असं खालच्या पोराशी ओरडत बसायचं काम नाही. सिग्नल मीटर विकत घेण्याआधी मी कितीतरी छत्र्या अशाच लावल्या.

हे सारं कशासाठी, असं कोणी विचारेल. फ्री डिशचा साधा बॉक्स यापेक्षा स्वस्त आणि सोपा आहे. घरात टीव्ही पाहायचा असेल तर बॉक्सच घ्या, मी स्वतः घरी बॉक्सच लावला आहे. कार्डाची किंमत वसूल होते ती शाळेत आणि वाचनालयात. उपग्रहाच्या एका प्रवाहात अनेक वाहिन्या एकत्र बांधून येतात. कार्ड एकदा त्या प्रवाहावर बसलं की त्यातल्या सगळ्या वाहिन्या एकाच वेळी त्याच्या हाती असतात. बॉक्स त्यातली एक दाखवतो. टीव्हीहेडएंड नावाचा मोफत प्रोग्राम एका संगणकात टाकला की तोच संगणक त्या सगळ्या वाहिन्या खोलीतल्या इतर संगणकांना वाटतो. एका पोरासमोर नववीचं गणित, दुसऱ्यासमोर दहावीचं विज्ञान, त्याच क्षणी. अट एवढीच की दोन्ही वाहिन्या त्याच प्रवाहात असल्या पाहिजेत. इंटरनेट लागत नाही, संगणकांना जोडणारी वायर आणि एक स्विच पुरतो. आमच्याकडे वीज येते तेव्हा नेट नसतं आणि नेट असतं तेव्हा वीज नसते, त्यातली एक कटकट तरी गेली.

शिवाय वेळ लावून ठेवता येते. कार्यक्रम सकाळी अकराला आणि वीज दुपारी दोनला, हे नेहमीचं. इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू ठेवला तर तो धडा साठवून ठेवतो. यात संगणकाला मेहनत नसते, सिग्नल आधीच दाबलेल्या रूपात येतो, तो फक्त डिस्कवर लिहायचा. तीन मेगाबिटची वाहिनी तासाला जेमतेम सव्वा-दीड जीबी खाते. पंधरा वर्षांचा जुना संगणक हे झोपेत करतो. शाळांनी भंगारात काढलेली यंत्रं याच कामाची आहेत.

वाचनालयाच्या सचिवांचं ते अ‍ॅनालॉग कार्डही मी फेकू दिलं नाही. त्याच्या मागे पिवळं भोक असतं, त्यात व्हीसीआरची वायर जाते. गावोगाव लग्नाच्या, दंडारीच्या, भजनी मंडळांच्या व्हीएचएस कॅसेटी ट्रंकेत पडल्या आहेत आणि पावसाळ्यागणिक त्यांवर पांढरी बुरशी चढते आहे. बुरशीची कॅसेट आधी साफ करा, तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेडचंही वाटोळं होतं. प्रोग्राममध्ये इनपुट कंपोझिट (तेच पिवळं भोक) निवडा आणि चित्राची पद्धत आपल्याकडची, पाल. तिथे अमेरिकेची एनटीएससी राहिली तर चित्र काळंपांढरं होऊन खाली-वर पळतं आणि लोक कॅसेट खराब झाली म्हणतात. चित्राचा आकार ७२० बाय ५७६. सेकंदाला पंचवीस चित्रं, न दाबता घेतली तर सेकंदाला वीस एमबी, तासाला पाऊणशे जीबी. म्हणून घेतानाच दाबून घ्या. इथे मात्र संगणक थोडा दमाचा हवा. आवाज पुन्हा त्या निळ्या भोकातून.

संपादक महोदय, त्या लेखाच्या लेखकांना एवढंच कळवा की पुढच्या अंकात दुरुस्ती छापताना ग्रामीण भागासाठी तीन गोष्टी घालाव्यात: डीव्हीबी-एस२, कर्नलमधला ड्रायव्हर, संगणकाला जुळणारी खाच. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी संगणक लिलावात काढण्याआधी त्यांतली अ‍ॅनालॉग कार्डं काढून वाचनालयांना द्यावीत, लिलावात त्यांचे वेगळे पैसे येत नाहीत.

ज्यांनी कार्ड घेऊन टाकलं आहे त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानात आणावं, बघायचे पैसे नाहीत. खोका आणि सीडी घरीच ठेवा. पाटी आणा, किंवा स्टिकर उचलून चिपचा फोटो आणा, आणि घराच्या आग्नेयेला काय आहे ते पाहून या.

आपला,
एक टीव्ही दुरुस्तीवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ